सोडणाऱ्याला सोबत

‘मनावर घेतलं तर काय सुटत नाही?’ विडी-सिगारेट ओढणाऱ्याला किंवा तंबाखू खाणाऱ्याला हा प्रश्न आयुष्यात कितीतरी वेळा ऐकावा लागतो. घरचे विचारतात, डॉक्टर विचारतात. शाळेत व्यसनांबद्दल बोलताना आपणही मुलांना निश्चयाचं महत्त्व सांगतो. या प्रश्नात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. व्यसन ज्याचं त्याचं असतं, तेव्हा ते सोडायचं कामही ज्यानं त्यानं एकट्यानं करायचं असतं.

हे गृहीत कितपत खरं आहे? धूम्रपान सोडण्याबद्दल विज्ञानाला जे जे कळत गेलं, त्याचा इतिहास म्हणजे बराचसा या गृहीताला तडे जाण्याचा इतिहास आहे. यात डॉक्टर आहेत, धर्मोपदेशक आहेत, एका शाळेतला समुपदेशक आहे, संख्याशास्त्रज्ञ आहेत आणि बिहारमधले शिक्षकही आहेत. आधी थोडं शरीराबद्दल बोलू आणि मग या इतिहासाकडे वळू.

काही सेकंदांचा प्रवास

सिगारेटचा झुरका घेतल्यावर धुरातलं निकोटिन फुफ्फुसातून रक्तात जातं आणि साधारण दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं. शिरेत टोचलेल्या औषधालाही मेंदू गाठायला याहून कमी वेळ लागत नाही. मेंदूत निकोटिनमुळे डोपामिन नावाचं रसायन स्रवतं आणि बरं वाटतं. पण रक्तातलं निकोटिन सुमारे दोन तासांत निम्मं होतं. मग चुळबुळ सुरू होते आणि हात पुन्हा खिशाकडे जातो.

तंबाखू खाणाऱ्याच्या बाबतीत हाच प्रवास तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून होतो. आपल्याकडे तंबाखूला चुना लावून मळतात, त्यामागे रसायनशास्त्र आहे. निकोटिन हा सौम्य अल्कली आहे. चुन्यामुळे तोंडातलं माध्यम अल्कधर्मी झालं की निकोटिनचे रेणू विद्युतभाररहित राहतात आणि त्वचेतून सहज आत शिरतात. आम्ल-अल्कली शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावं.

तंबाखू एकदम बंद केली की चिडचिड, अस्वस्थता, झोप न लागणं, लक्ष न लागणं असे त्रास सुरू होतात. पहिले काही दिवस सगळ्यात कठीण असतात. पुढच्या दोन ते चार आठवड्यांत त्रास ओसरत जातो. या काळात ओढण्याची तीव्र इच्छा लाटेसारखी येते, पण एकेक लाट बहुधा काही मिनिटांचीच असते. ती काही मिनिटं निभावली की लाट ओसरते. ही बाब लक्षात ठेवू या, कारण पुढे ती उपयोगी पडणार आहे.

लागते ती चारचौघांत

निकोटिन पकडून ठेवतं हे खरं, पण पहिला झुरका निकोटिनसाठी कुणीच घेत नाही. पहिल्या वेळी तर ठसका लागतो, मळमळतं. तरीही माणूस दुसऱ्यांदा ओढतो, कारण कुणीतरी पुढे केलेली असते. तंबाखूची चंची उघडणं ही आपल्याकडे ओळख करून घ्यायची रीतच होती. एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूस ‘आहे का थोडी?’ असं विचारू शकतो आणि त्यात कुणालाच वावगं वाटत नाही. इतक्या मोकळेपणानं त्यानं भाकरी मागितली नसती.

सिगारेट विकणाऱ्यांना ही गोष्ट डॉक्टरांच्या फार आधी कळली होती. १९२९ साली अमेरिकेत स्त्रियांनी रस्त्यावर सिगारेट ओढणं असभ्य मानलं जाई. एका सिगारेट कंपनीसाठी काम करणारे जनसंपर्कतज्ज्ञ एडवर्ड बर्नेज यांनी त्या वर्षी ईस्टरच्या दिवशी न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरून काही तरुणींना सिगारेटी पेटवून चालत जायला लावलं. त्या सिगारेटींना नाव दिलं ‘स्वातंत्र्याच्या मशाली’. वर्तमानपत्रांत फोटो छापून आले. एकटी बाई सिगारेट ओढताना दिसली असती तर लोकांनी नावं ठेवली असती. अनेक जणी मिळून निघाल्या तेव्हा ती बातमी झाली. चारचौघांची सोबत माणसाकडून काय करून घेते हे बर्नेज यांना नेमकं माहीत होतं.

कळलं, पण वळेना

१९५० साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनमधल्या २० रुग्णालयांतल्या रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. फुफ्फुसाचा कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांमध्ये कधीच धूम्रपान न केलेले फक्त २ होते. इतर आजारांच्या तेवढ्याच पुरुष रोग्यांत असे २७ होते. हे आकडे हाताशी येताना पाहून खुद्द डॉल यांनी सिगारेट सोडली. ११ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेच्या सर्जन जनरलनी धूम्रपानामुळे कर्करोग होतो असं सरकारी अहवालात जाहीर केलं. तरीही १९६५ मध्ये अमेरिकेतले सुमारे ४२ टक्के प्रौढ सिगारेट ओढतच होते.

म्हणजे कळणं आणि वळणं यांत मोठं अंतर होतं. हे अंतर निश्चयानं भरून निघेल अशी तेव्हा समजूत होती. १९६४ च्या अहवालातही धूम्रपानाला ‘सवय’च म्हटलेलं होतं. निकोटिन हे हेरॉइन किंवा कोकेनसारखंच व्यसन लावणारं द्रव्य आहे असं सर्जन जनरलच्या अहवालानं स्पष्ट म्हणायला १९८८ साल उजाडलं. कुणाचीही मदत न घेता सोडायचा प्रयत्न केला तर अशा शंभर प्रयत्नांपैकी जेमतेम तीन ते पाचच वर्षभर टिकतात, असं नंतरच्या अभ्यासांनी दाखवलं. याचा अर्थ एकट्यानं सोडणारे नसतातच असा नाही. आजवर ज्यांची सुटली त्यांतल्या बहुतेकांनी दवाखान्याची पायरी न चढताच सोडली आहे. पण त्यासाठी त्यांना पुन्हा पुन्हा प्रयत्न करावे लागले आणि प्रत्येक वेळी ‘माझ्यातच दम नाही’ हे ओझं घेऊन परतावं लागलं.

एक सुटलं, एक राहिलं

एकानं दुसऱ्याच्या आधारानं व्यसन सोडायचं, ही कल्पना दारूच्या बाबतीत आधी आली. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन या गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींची गाठ पडली आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही संघटना उभी राहिली. पिण्याची ओढ झाली की आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाला गाठायचं आणि त्याच्याशी बोलायचं, हे तिचं साधं सूत्र. आज तिच्या सभा भारतातल्या अनेक शहरांत, महाराष्ट्रातही भरतात.

पण याच कथेत एक बोच आहे. दारू सोडलेली ही मंडळी सभेत बसून कॉफी पीत आणि सिगारेटी ओढत. सभेच्या खोल्या धुरानं भरलेल्या असत. बिल विल्सन दारूपासून कायमचे सुटले, पण सिगारेटमुळे त्यांची फुफ्फुसं निकामी होत गेली आणि १९७१ मध्ये ते वारले. ज्या सोबतीनं एक व्यसन सोडवलं, त्याच सोबतीत दुसरं जपलं गेलं. सोबत आपोआप चांगलीच ठरते असं नाही. त्या माणसांनी मिळून काय करायचं ठरवलं आहे त्यावर सगळं अवलंबून असतं. पुढे १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या काही जणांनी याच धर्तीवर निकोटिनसाठी वेगळ्या सभा सुरू केल्या.

पाच संध्याकाळी आणि टेलिफोन

खास धूम्रपानासाठी सामूहिक कार्यक्रम आखला तो डॉ. वेन मॅकफार्लंड आणि एल्मन फोकनबर्ग यांनी. मॅकफार्लंड वैद्य होते, तर फोकनबर्ग सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक. १९६० च्या सुमारास त्यांनी अमेरिकेत ‘पाच दिवसांची योजना’ सुरू केली. लागोपाठ पाच संध्याकाळी लोकांनी एकत्र जमायचं. वैद्य शरीराबद्दल सांगणार, उपदेशक मनाबद्दल. भरपूर पाणी प्या, जेवण झाल्यावर खुर्चीत रेलून न बसता चालायला जा, अशा साध्या सूचना असत. ही योजना पुढे अनेक देशांत पोचली.

तिच्यातला सगळ्यात कामाचा भाग होता जोडी लावण्याचा. प्रत्येकाला तिथल्याच दुसऱ्या माणसाशी जोडून देत. दोघांनी एकमेकांचा टेलिफोन नंबर घ्यायचा आणि ओढावंसं वाटलं की सिगारेटऐवजी टेलिफोन उचलायचा. आता आपण मघाशी पाहिलेली लाट आठवा. ती काही मिनिटांची असते आणि टेलिफोनवरचं बोलणंही तेवढंच चालतं. बोलणं संपेपर्यंत लाट ओसरलेली असते. शिवाय पलीकडचा माणूसही त्याच त्रासातून जात असतो, त्यामुळे तो ‘एवढंही जमत नाही का?’ असं म्हणत नाही.

एका शाळेतून निघालेला दिवस

यानंतरची गोष्ट शिक्षकांना विशेष आवडावी. १९७० साली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या रँडॉल्फ या गावी आर्थर मुलेनी नावाचे गृहस्थ शाळेत समुपदेशक होते. त्यांनी गावकऱ्यांना आवाहन केलं, की एक दिवस सिगारेट ओढू नका आणि वाचलेले पैसे गावातल्या मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी द्या. आयुष्यभरासाठी सोडा असं ते म्हणाले नाहीत. फक्त एक दिवस, पण सगळ्यांनी एकाच वेळी. १९७४ मध्ये मिनेसोटातल्या मॉन्टिसेलो गावचे संपादक लिन स्मिथ यांनी आपल्या वर्तमानपत्रातून असाच दिवस पाळायला लावला. १८ नोव्हेंबर १९७६ रोजी कॅलिफोर्नियात अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या पुढाकारानं जवळजवळ दहा लाख लोकांनी एक दिवस सिगारेट बाजूला ठेवली. १९७७ पासून तो दिवस अमेरिकाभर पाळला जाऊ लागला.

एका दिवसानं काय होतं, अशी शंका येईल. एरवी सोडणारा माणूस एकटा पडतो. चहाच्या वेळी सगळे बाहेर जातात आणि तो आत बसतो. त्या एका दिवशी मात्र हे उलटं होतं. सोडण्याचा पहिला आणि सगळ्यात जड दिवस त्याला गावासोबत काढता येतो.

फिनलंडची शिकवण

फिनलंडच्या पूर्वेला नॉर्थ करेलिया नावाचा प्रांत आहे. हृदयविकारानं मरणाऱ्या पुरुषांचं प्रमाण तिथे जगात सगळ्यात जास्त असलेल्या ठिकाणांत मोडत होतं. १९७१ मध्ये तिथल्या लोकांनी सरकारकडे मदत मागितली आणि १९७२ मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली प्रकल्प सुरू झाला. आहार, रक्तदाब आणि धूम्रपान या तिन्हींवर काम झालं. गावोगावच्या ज्या माणसांचं इतर लोक ऐकतात अशांना हेरून त्यांना प्रशिक्षण दिलं गेलं. १९७८ मध्ये धूम्रपान सोडण्याचा कार्यक्रम दूरदर्शनवरून देशभर दाखवला गेला. त्यात खरोखर सोडू पाहणाऱ्या लोकांचा एक गट स्टुडिओत बसलेला असे. त्यांची धडपड, त्यांचं घसरणं आणि सावरणं प्रेक्षक घरी बसून पाहत आणि त्यांच्याबरोबर स्वतःही सोडायचा प्रयत्न करत.

नॉर्थ करेलियात १९७२ मध्ये ५२ टक्के पुरुष धूम्रपान करत होते. १९९७ मध्ये हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. याचं सगळं श्रेय एका कार्यक्रमाला देता येणार नाही, कारण याच काळात कायदेही बदलले होते. पण गावाला हाताशी धरून काम करता येतं हे मात्र तिथे दिसलं.

मोजमाप सुरू होतं

आतापर्यंतचे बहुतेक प्रयोग चांगल्या हेतूंनी केलेले होते. पण सोबतीचा उपयोग होतो हे सिद्ध कसं करायचं? सोबत मिळाली म्हणून सुटली, की ज्याची सुटणारच होती त्यालाच सोबत मिळाली?

१९७९ मध्ये लंडनमधले डॉ. मायकेल रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नेटका प्रयोग प्रसिद्ध केला. २८ डॉक्टरांकडे कुठल्याही कारणानं आलेल्या दोन हजारांहून अधिक धूम्रपींचे त्यांनी चार गट केले. एका गटाला काहीच सांगितलं नाही. एका गटाला डॉक्टरांनी एक-दोन मिनिटं सोडण्याचा सल्ला दिला, साधी पत्रिका हातात ठेवली आणि ‘पुढे आम्ही चौकशी करू’ असं सांगितलं. वर्षभरानंतर पहिल्या गटातल्या ०.३ टक्के लोकांची सिगारेट सुटलेली होती, तर या दुसऱ्या गटातल्या ५.१ टक्के लोकांची. आकडा लहान वाटतो. पण एखाद्या देशातल्या प्रत्येक डॉक्टरनं रोज हे दोन मिनिटांचं काम केलं तर सुटणाऱ्यांची संख्या केवढी होईल, याचा हिशेब मुलांना जरूर करायला द्यावा. कुणीतरी आपली चौकशी करणार आहे, एवढ्या जाणिवेचाही त्यात वाटा होता.

पुढे अशा अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र करून पाहिले गेले. नुसती पुस्तिका घेऊन स्वतःच्या बळावर सोडू पाहणाऱ्यांपेक्षा गटात बसून सोडणाऱ्यांना यश मिळण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट असल्याचं दिसलं.

सोबत आणि पहारा

घरच्यांचं काय? १९८६ मध्ये रॉबिन मर्मेलस्टीन, शेल्डन कोहेन आणि एडवर्ड लिक्टनस्टाइन यांनी यावर एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी दिसल्या. सोडताना आणि सोडल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात जोडीदाराचा आधार उपयोगी पडत होता. पण दीर्घकाळ टिकून राहणं हे आपल्या भोवती ओढणारे किती आहेत यावर अवलंबून होतं. घरात कितीही आधार असला तरी उठणं-बसणं ओढणाऱ्यांतच असेल तर माणूस परत घसरण्याचा धोका राहतो.

१९९० मध्ये कोहेन आणि लिक्टनस्टाइन यांनी आणखी बारकाईनं पाहिलं. जोडीदार नेमकं काय करतो? शाबासकी देणं, आज बरं वाटतंय का विचारणं, चिडचिड समजून घेणं या एका बाजूच्या गोष्टी. टोचून बोलणं, खिसे तपासणं, ‘तुझ्याच्यानं होणार नाही’ म्हणणं या दुसऱ्या बाजूच्या. पहिल्या प्रकारचं वागणं दुसऱ्याच्या तुलनेत जितकं जास्त, तितकी सुटून राहण्याची शक्यता जास्त निघाली. सोबत आणि पहारा यांतला फरक इथे आकड्यांत दिसतो.

मग जोडीदारांनाच शिकवलं तर? हेही करून पाहिलं गेलं. जोडीदाराला सोडणाऱ्याशी कसं वागावं याचं प्रशिक्षण दिल्यानं सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढतं असं मात्र या प्रयोगांतून सिद्ध झालं नाही. ही बाब लपवून ठेवण्यासारखी नाही, उलट विचार करण्यासारखी आहे. यांतल्या बऱ्याच प्रयोगांत जोडीदाराचं वागणं मुळात फारसं बदललं असं दिसलंच नाही. वर्षानुवर्षं जमलेली नात्याची घडी दोन-चार तासांच्या शिकवणीनं कशी बदलणार? अनोळखी पण समदुःखी माणसांचा गट जे करू शकतो, ते घरच्या माणसाला कधीकधी जमत नाही. म्हणून कुणाची सुटली नाही तर त्याच्या बायकोला किंवा आईला दोष देण्यातही अर्थ नाही.

फ्रॅमिंगहॅमचे कागद

मॅसॅच्युसेट्समधल्याच फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून हृदयविकाराचा एक प्रसिद्ध अभ्यास चालू आहे. ठरावीक वर्षांनी लोकांची तपासणी करायची, तर ती माणसं सापडली पाहिजेत. म्हणून कचेरीतल्या मंडळींनी प्रत्येकाचे नातेवाईक, जवळचे मित्र आणि कामाचं ठिकाण यांच्या नोंदी कागदांवर ठेवल्या होत्या. निकोलस ख्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर या संशोधकांना या कागदांचं मोल कळलं. त्यांत कुणाचा कोण हे लिहिलेलं होतं आणि कुणी कधी सिगारेट सोडली हे तपासणीच्या नोंदींत होतं. दोन्ही जुळवून त्यांनी १२,०६७ माणसांचं १९७१ ते २००३ या काळातलं नात्यांचं जाळं उभं केलं.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष असे. नवराबायकोंपैकी एकानं सोडली की दुसऱ्यानं ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी होते. भावाबहिणीनं सोडल्यास २५ टक्क्यांनी, मित्रानं सोडल्यास ३६ टक्क्यांनी आणि लहान कचेरीत सोबत काम करणाऱ्यानं सोडल्यास ३४ टक्क्यांनी. नुसता शेजारी राहणाऱ्याचा असा परिणाम दिसला नाही. आणखी एक गोष्ट त्यांना आढळली. तीस वर्षांत ओढणारे कमी होत गेले, पण ओढणाऱ्यांच्या घोळक्यांचा आकार लहान झाला नाही. म्हणजे घोळक्यातून एकेक माणूस गळत नव्हता, घोळकेच्या घोळके मिळून सोडत होते. जे ओढत राहिले ते मात्र जाळ्याच्या कडेला सरकले.

या अभ्यासावर संख्याशास्त्रज्ञांनी आक्षेपही घेतले आहेत. सारख्या स्वभावाची माणसं आधीच एकमेकांचे मित्र होतात. मग एकाचा दुसऱ्यावर परिणाम झाला, की दोघंही आपापल्या कारणानं एकाच सुमाराला सोडते झाले, हे नुसत्या निरीक्षणातून वेगळं काढणं कठीण असतं. आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर द्यायचं तर प्रयोगच करायला हवा.

आपल्याकडचे प्रयोग

असा प्रयोग भारतात, आणि तोही शिक्षकांवर झाला आहे. पण त्याआधी थोडी पार्श्वभूमी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतसंशोधनाचा एक विभाग होता. डॉ. फली मेहता, डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळातला एर्नाकुलम, आंध्रातला श्रीकाकुलम आणि गुजरातमधला भावनगर या जिल्ह्यांत तंबाखू वापरणाऱ्या ३६,४७१ ग्रामीण लोकांना निवडलं. श्रीकाकुलमच्या बायका चुट्टा पेटवून त्याचं जळतं टोक तोंडात धरतात. घरोघरी जाऊन दरवर्षी तोंड तपासायचं, समोर बसून बोलायचं, जोडीला रेडिओ-चित्रपटांतूनही सांगायचं, असं हे काम होतं. असं काही न केलेल्या आधीच्या गटाशी तुलना करून त्याचे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. तंबाखू सोडणाऱ्यांचं किंवा कमी करणाऱ्यांचं प्रमाण वाढलं होतं आणि एर्नाकुलमसारख्या ठिकाणी तोंडातले कर्करोगपूर्व पांढरे चट्टे नव्यानं होण्याचं प्रमाण बरंच उतरलं होतं. २००२ मध्ये भारत सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी देशात तंबाखूमुक्तीची १३ केंद्रं सुरू केली. त्यांतलं एक मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात होतं.

शिक्षकांवरचा प्रयोग २००९ ते २०११ या काळात बिहारमध्ये झाला. नवी मुंबईची हीलिस सेखसरिया संस्था आणि अमेरिकेतले संशोधक त्यात होते. ७२ शाळा निवडल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीनं त्यांचे दोन गट केले. एका गटातल्या शाळांत तंबाखूमुक्त शाळेचं धोरण ठरलं, शिक्षकांच्या चर्चा झाल्या आणि सोडणाऱ्यांना मदत मिळाली. दुसऱ्या गटातल्या शाळांना हे सगळं नंतर मिळणार होतं. कार्यक्रम संपल्या संपल्या पाहिलं तर पहिल्या गटातल्या तंबाखू वापरणाऱ्या शिक्षकांपैकी ५० टक्के महिनाभर तंबाखूपासून दूर होते, दुसऱ्यात १५ टक्के. नऊ महिन्यांनी ‘सहा महिने सुटलेली’ ही कडक कसोटी लावली तेव्हा आकडे १९ आणि ७ टक्के असे आले.

शेवटच्या आकड्यांबद्दल संशोधकांनी एक खुलासा केला. कार्यक्रमात काहीच दम नसता तरी एवढा फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता शंभरात सहा होती. विज्ञानात साधारणपणे ती पाचाहून कमी असावी लागते. मात्र जे शिक्षक वर्षभर त्याच शाळेत राहिले त्यांच्यापुरतं पाहिलं तर आकडे २० आणि ५ टक्के आले आणि योगायोगाची शक्यता शंभरात चार. ज्यांना सहकाऱ्यांची सोबत पूर्ण वर्ष लाभली, त्यांच्यात फरक अधिक स्पष्ट होता.

शिक्षकांच्या खोलीपासून

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते. ओढणारे केवळ ३.८ टक्के होते आणि तंबाखू खाणारे किंवा मशेरी, गुटखा असं काही वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे आपला प्रश्न धुराचा कमी आणि चंची-पुडीचा जास्त आहे. धूर दिसतो, वास येतो. दाढेखाली धरलेली गोळी दिसत नाही. तेव्हा सोडणाराही कुणाला न दिसता एकटाच झगडत असतो.

शाळेत काय करता येईल? पहिली गोष्ट शिक्षकांच्या खोलीत करायची आहे. कुणी सहकारी सोडू पाहत असेल तर मधल्या सुट्टीत त्याच्यासमोर पुडी उघडायची नाही, आणि तो घसरला तर चार लोकांत थट्टा करायची नाही. दोघं-तिघं मिळून सोडत असतील तर उत्तमच. तारीख ठरवावी आणि लाट आली की कुणाकडे जायचं हेही आधीच ठरवावं. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा निःशुल्क दूरध्वनी आहे. २०१६ मध्ये ही सेवा सुरू झाली आणि २०१८ पासून हा क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवरही छापला जाऊ लागला. गरज वाटली तर डॉक्टरांकडून निकोटिनच्या गोळ्या-चकत्या किंवा इतर औषधंही घेता येतात. सोबत आणि औषध यांत भांडण नाही.

दुसरी गोष्ट वर्गातली. मुलांना आपल्या घरातल्या तंबाखू खाणाऱ्यांवर पाळत ठेवायला किंवा त्यांची नावं सांगायला कधीही लावू नये. त्यानं मूल पहारेकरी होतं आणि घरात त्याचीच कुचंबणा होते. त्याऐवजी वरचे आकडे फळ्यावर लिहावेत. ५.१ आणि ०.३ यांत किती पट फरक आहे? १९ आणि ७ मधला फरक योगायोगाचा आहे का, हे शोधायला ७२ ऐवजी ७०० शाळा घेतल्या असत्या तर काय झालं असतं? फ्रॅमिंगहॅमसारखं जाळं काल्पनिक नावं घेऊन काढावं आणि त्यातल्या कुठल्या एका माणसानं तंबाखू सोडली तर सगळ्यात जास्त लोकांपर्यंत परिणाम पोचेल, हे मुलांना शोधू द्यावं. उत्तरावर वाद होईल, तो होऊ द्यावा.

या अभ्यासातून मुलांना एक गोष्ट आपोआप उमगेल अशी आशा आहे. त्यांच्या घरात कुणी तंबाखू सोडत असेल, तर ते माणूस आठवडाभर चिडचिडं होईल, झोपणार नाही, उगाच ओरडेल. तेव्हा त्याच्या शेजारी बसून चार मिनिटं इकडचं-तिकडचं बोलणं, हे दहा-बारा वर्षांच्या मुलालाही करता येण्यासारखं काम आहे.